सुई तरंगेपर्यंत

डबे हलके असतात, पोकळ. सुरुवातीच्या काळात ते चक्क सूपचे रिकामे पत्र्याचे डबे होते. आता खास बनवलेली नळकांडी मिळतात, पण सायंटॉलॉजी या अमेरिकेत सुरू झालेल्या पंथाचे लोक त्यांना अजूनही 'कॅन्स'च म्हणतात. एक डावीत, एक उजवीत. दोन्हींच्या वायरी समोरच्या यंत्रात जातात. यंत्राचं नाव ई-मीटर. 'मोफत स्ट्रेस टेस्ट' अशी पाटी लावलेलं टेबल दिसलं की हा सगळा पसारा त्यावर मांडलेला असतो. अमेरिकेत मुलाकडे जाऊन हॉलिवूड बुलेवार्डवर एक चक्कर मारणाऱ्या आपल्या मंडळींचा रस्ताही याच टेबलांवरून जातो.

टेबलामागचा माणूस आधी दंडाला हलका चिमटा काढतो. सुई झपकन उजवीकडे पडते. थोडं थांबून तो म्हणतो, "आता तो चिमटा आठवा." सुई पुन्हा पडते. पहिल्यांदा बघणारा चपापतोच. त्याला सांगितलं जातं की वेदनेचं चित्र मनात साठून राहतं, त्या चित्राला वजन असतं आणि यंत्राने ते वजन टिपलं. प्रत्यक्षात आत आहे शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हीटस्टन ब्रिज. डब्यांतून अगदी क्षीण प्रवाह जातो आणि त्वचेचा विद्युतरोध मोजला जातो. तळहाताला किंचित घाम आला, पकड जराशी बदलली, 'आता हा परत चिमटा काढणार' अशी नुसती शंका आली, तरी रोध उतरतो आणि सुई उजवीकडे जाते. यंत्र खोटं दाखवत नाही. त्याला जे माहीत नाही ते टेबलामागचा माणूस सांगतो.

पुढचं सगळं समजायला याच्या मुळाशी असलेली कल्पना हवी. एल. रॉन हबर्ड (१९११–१९८६) हा स्वस्त मासिकांतून साहसकथा आणि विज्ञानकथा लिहिणारा लेखक. १९५०च्या मे महिन्यात त्याने 'डायनेटिक्स' मांडलं, पुस्तकातून आणि एका विज्ञानकथा मासिकातल्या लेखातून. मनाचे दोन भाग: विचार करणारं विश्लेषक मन आणि बेशुद्धीत, वेदनेत जे कानावर पडलं, नाकाशी आलं, अंगाला लागलं ते जसंच्या तसं नोंदवणारं प्रतिक्रियाशील मन. या नोंदी म्हणजे एन्ग्राम. भूल दिलेल्या माणसाच्या शेजारी कोणी 'हा काही सुधारायचा नाही' म्हणालं, तर ते वाक्य पुढे आयुष्यभर आतून हुकूम सोडत राहतं, असा दावा. एन्ग्राम पुन्हापुन्हा सांगून पुसायचे. सगळे पुसले की माणूस 'क्लिअर'. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये हबर्डने परिपूर्ण स्मरणशक्तीची पहिली 'क्लिअर' म्हणून भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी मंचावर आणली. तो पाठमोरा झाल्यावर त्याच्या टायचा रंग कोणता, हे तिला सांगता आलं नाही. १९५२मध्ये डायनेटिक्सला आत्मा जोडला गेला आणि सायंटॉलॉजी झाली. आत्म्याचं नाव थेटन. तो अमर आहे, देह बदलत आला आहे, आणि पदार्थ, ऊर्जा, अवकाश, काळ यांच्या जंजाळात स्वतःची ताकद विसरून बसला आहे. १९५३च्या डिसेंबरात न्यू जर्सीत चर्च म्हणून नोंदणी झाली.

पुनर्जन्म म्हटल्यावर आपल्याला कर्मफळ आठवतं. इथे पाप-पुण्याचा हिशेब ठेवणारं कोणी नाही. मागच्या जन्मांची जखम तेवढी आहे आणि ती तांत्रिक पद्धतीने काढायची आहे. 'टेक' हा त्यांचा लाडका शब्द. टेक बरोबर लावलं तर शंभर टक्के लागू पडतं, हे हबर्डने ७ फेब्रुवारी १९६५च्या एका धोरणपत्रात ठासून लिहिलं आणि मोठ्या अभ्यासक्रमांच्या सुरुवातीला तेच पत्र वाचायला देतात. हे पत्र डोक्यात ठेवून पुढच्या पायऱ्या बघाव्यात. गुण आला नाही तर दोष टेकचा असू शकत नाही. मग तो कोणाचा, याचं उत्तर प्रत्येक पायरीवर आधीच तयार असतं.

टेबलानंतर चाचणी. 'ऑक्सफर्ड कपॅसिटी अॅनालिसिस' हे नाव, ऑक्सफर्ड विद्यापीठाशी संबंध शून्य. प्रश्न २००, उत्तरं तीनच: हो, सांगता येत नाही, नाही. नखं खाता का, रेल्वेचं वेळापत्रक नुसतं मजा म्हणून चाळता का, अशा धर्तीचे. त्यातून दहा स्वभावगुणांचा आलेख निघतो, वर अधिक शंभर, खाली उणे शंभर. आलेख हातात देण्याआधी समोर बसवून समजावतात आणि बोट आपोआप सगळ्यात खोल दरीवर जातं. "हे तुम्हाला जाणवतं ना?" दहापैकी एखादी तरी दरी कोणालाही जाणवतेच. ब्रिटिश सरकारसाठी झालेल्या १९७१च्या फॉस्टर अहवालात मानसशास्त्रज्ञांनी ही चाचणी तपासली आणि ती खरी व्यक्तिमत्त्व चाचणी नाही असा निष्कर्ष काढला. दरी दाखवून झाली की तिच्यावरचा उपाय म्हणून एक छोटा कोर्स सुचवला जातो.

हा कोर्स बहुधा संवादाचा, म्हणजे 'टीआर', ट्रेनिंग रूटीन. दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये हात-दोन हातांचं अंतर. पहिल्यांदा डोळे मिटून नुसतं बसायचं. मग डोळे उघडे ठेवून समोरच्याकडे बघत बसायचं. हसायचं नाही, चुळबूळ नाही, घसा खाकरायचा नाही. कडक पद्धतीत हे सलग दोन तास. पंधरा-वीस मिनिटांत समोरचा चेहरा विरघळल्यासारखा होतो, कडा धूसर होतात, कधी आपणच देहाबाहेर असल्याचा भास होतो. एकाच बिंदूवर नजर खिळवली की डोळा आणि मेंदू असे खेळ करतात. आत मात्र याला थेटन देहापासून सुटा होण्याची चाहूल म्हणतात. यानंतर 'बुलबेट': समोरचा टोमणे मारतो, विनोद करतो, तुमचं दुखरं ठिकाण शोधतो आणि तुम्ही दगडासारखं राहायचं. ओठ हलला की "फ्लंक!" आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. जिथे माणूस ढळला तोच टोमणा परत परत मारतात, तो बोथट होईपर्यंत. पुढे 'अॅलिस इन वंडरलँड'मधली सुटी वाक्यं समोरच्यापर्यंत नीट पोचवायची. मग 'पक्षी उडतात का?' हा एकच प्रश्न उत्तर मिळेपर्यंत, दर वेळी नवाच असल्यासारखा विचारायचा.

टीआर उपयोगी नाहीत असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. बुजरा माणूस चार दिवसांत डोळ्याला डोळा भिडवून बोलू लागतो, आणि पहिली कमाई हातात पडल्याने पुढच्या दाव्यांवर विश्वास बसायला जागा होते. पण हीच तालीम दुसरंही शिकवते: चेहरा न बदलता ऐकत राहणं आणि न बदलता हुकूम सोडणं. वरच्या टीआरमध्ये जाड काचेच्या अॅश-ट्रेला मोठ्या आवाजात "उभा राहा!", "थँक यू!", "खाली बस!" असे हुकूम द्यायचे असतात. हात अर्थात आपलेच, उचलणारे आपणच.

अभ्यासाची खोली वेगळीच. व्याख्यान नाही, शिक्षक नाही. 'चेकशीट' नावाची यादी आणि एकेका ओळीवर सही. टेबलावर क्लिपा, बुचं, बाटल्यांची झाकणं असलेली एक टोपली. वाचलेली कल्पना त्या वस्तू मांडून दाखवायची. मोठी कल्पना असेल तर मातीची चित्रं करून प्रत्येकाला चिठ्ठी लावायची. जांभई आली, कंटाळा आला, मुद्दा पटेना झाला, की सुपरवायझर येऊन बहुधा एकच कारण शोधतो: मागे एखादा शब्द न समजता ओलांडला गेला आहे. शब्दकोश उघडायचा, शब्दाचे सगळे अर्थ वाचायचे, प्रत्येक अर्थाची वाक्यं करायची, व्युत्पत्ती बघायची. शब्द खरोखर अडला असेल तर ही सवय सोन्यासारखी. पण समजलं आहे आणि पटत नाही, या स्थितीला इथे चौकटच नाही. पटत नाही म्हणजे समजलं नाही.

क्लिअर आणि त्याही वर नेणाऱ्या पायऱ्यांचा 'ब्रिज' म्हणून जो जिना आहे त्याची शरीराला झेपावी लागणारी पायरी म्हणजे प्युरिफिकेशन रनडाउन. १९७९ सालची. शरीरातल्या चरबीत औषधं, नशेचे पदार्थ, किरणोत्सर्गाचे अंश अडकलेले असतात आणि ते घामावाटे काढायचे, हा सिद्धांत. वैद्यकीय तपासणीचा कागद लागतो. क्रम रोज तोच. आधी नायसिन हे बी-३ जीवनसत्त्व, सुरुवातीला साधारण १०० मिलीग्राम. मग वीस-तीस मिनिटं धावणं. मग सॉना, ६० ते ८० अंश सेल्सिअस. धावणं धरून रोज सुमारे पाच तास, मध्ये मध्ये बाहेर येऊन पाणी, मीठ, पोटॅशियम. जोडीला जीवनसत्त्वं, थंड दाबाचं वनस्पती तेल आणि 'कॅल-मॅग': कॅल्शियम ग्लुकोनेट, मॅग्नेशियम कार्बोनेट आणि सफरचंदाचं व्हिनेगर उकळत्या पाण्यात विरघळवून केलेलं आंबूस पेय. पाणी उकळतं नसेल तर ते नीट विरघळत नाही, तळाशी खडूसारखा साका बसतो. दोन ते पाच आठवडे हा दिनक्रम. नायसिन पायरीपायरीने वाढवत ५,००० मिलीग्रामपर्यंत नेतात. अमेरिकेत प्रौढांसाठी पूरक नायसिनची सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला ३५ मिलीग्राम मानतात, यावरून अंदाज यावा. मोठ्या मात्रेत ते यकृताला बाधतं.

नायसिन घेतल्यावर पाव तासात कान, मान, छाती लाल होतात, खाज सुटते, अंग भाजून निघाल्यासारखं होतं. कधीकाळी उन्हात पोहताना अंगावर जशी पोशाखाची खूण उमटली होती तशीच लाली उठली, असं लोक मोठ्या नवलाने सांगतात. हबर्डच्या मते ही जुन्या किरणोत्सर्गाची जखम बाहेर पडते आहे. औषधशास्त्राप्रमाणे नायसिनने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, बस्स. रोज घेत राहिलं की काही दिवसांत शरीराला त्याची सवय होते आणि लाली मंदावते. प्युरिफिकेशन संपल्याची खूण काय, तर लाली आणि त्रास थांबणं. म्हणजे शेवट येणारच असतो. तो शुद्धीमुळे आला की सवयीमुळे, हे तपासायला कोणी थांबत नाही, कारण तोवर माणूस खरोखर ताजातवाना झालेला असतो. महिनाभर दारू नाही, वेळेवर झोप, रोज पळणं आणि घाम.

यानंतर 'ऑब्जेक्टिव्ह'. त्यात एक पुस्तक आणि एक बाटली, खोलीच्या दोन टोकांना. त्याकडे बघ. तिथपर्यंत चालत जा. उचल. रंग कोणता? तापमान काय? वजन किती? होतं तिथेच ठेव. मग बाटली. मग पुन्हा पुस्तक. तासन्तास, दिवसेंदिवस. आधी हसू येतं, मग संताप, मग झोप, मग कुठेतरी एक विलक्षण हलकेपणा. त्रास सुरू झाला म्हणून थांबायचं नाही. जे त्रास चालू करतं तेच तो बंद करतं, असा नियम आहे.

आता खरं ऑडिटिंग, म्हणजे मीटर लावून प्रश्न विचारत एन्ग्राम पुसणं. बंद खोली, टेबल, ऑडिटर आणि त्याच्यासमोर 'प्रिक्लिअर', म्हणजे अजून क्लिअर न झालेला. मीटरची तबकडी ऑडिटरच्या बाजूला. प्रिक्लिअरला सुई दिसत नाही. पहिला प्रश्न झोपेचा: पुरेशी झाली का? दुसरा खाण्याचा. चोवीस तासांत दारू? वेदनाशामक गोळी? यातलं काही चुकलं तर सेशन होत नाही. मग डबे दाबायला सांगतात. सुई तबकडीच्या एक तृतीयांश पडेल इतकी संवेदनशीलता लावतात. हात कोरडे असतील तर क्रीम लावायला देतात, डबे लहान-मोठे बदलून बघतात, कारण कोरड्या तळव्याने टोन आर्म, म्हणजे यंत्रावरचा फिरवायचा मुख्य दांडा, उगाच वर जातो. त्यावर २ आणि ३च्या दरम्यान असणं उत्तम. या खुणांना अनुक्रमे ५,००० आणि १२,५०० ओहम रोध असतो. एवढं झाल्यावर ऑडिटर म्हणतो, "धिस इज द सेशन."

आधी तीन चाळण्या: कोणाशी काही बिनसलं आहे का? सध्याची कुठली अडचण डोकं खाते आहे का? लपवलेलं काही कोणाच्या लक्षात येता येता राहिलं का? प्रश्नाचं शेवटचं अक्षर संपताक्षणी सुई पडली तरच प्रश्न 'लागला'. एखादा क्षण उशिरा हलली तर ती धरत नाहीत. लागला तर सांगायचं काय ते, आणि सुई तरंगली नाही, म्हणजे संथ डोलू लागली नाही, तर पुढचा प्रश्न: "याच्यासारखं, याच्याआधीचं काही आहे का?" ऑडिटर मत देत नाही, सल्ला देत नाही, हळहळत नाही; प्रिक्लिअरसाठी अर्थ लावायचा नाही हे त्यांच्या संहितेचं पहिलंच कलम. तो लिहीत जातो, वेळ नोंदतो, "थँक यू" म्हणतो. तासभर दुसऱ्या माणसाने मध्ये न तोडता आपलं ऐकावं, हे किती जणांच्या वाट्याला येतं? ऑडिटिंगचा जो गुण येतो त्यातला मोठा वाटा इथे आहे, असं आमचं मत.

पण 'याच्याआधीचं' हा प्रश्न थांबत नाही. ऑफिसातल्या अपमानामागे कॉलेजातला, त्यामागे शाळेतला, त्यामागे पाळण्यातला. आठवण संपते, सुई अजून तरंगलेली नसते, प्रश्न पुन्हा येतो. मग डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहतं: बुडणारं जहाज, आपल्या ओळखीचा नसलेला पोशाख. मागचा जन्म कोणी तुमच्या तोंडात घालत नाही. प्रश्नाने मागे जागा करून ठेवलेली असते आणि ती भरणारे आपणच असतो. ते सांगून झालं, चेहरा उजळला, सुई दोन्ही बाजूंना संथ, सारख्या लयीत डोलू लागली, की ऑडिटर म्हणतो, "युअर नीडल इज फ्लोटिंग." लगेच उठून परीक्षकाच्या खोलीत जायचं, पुन्हा डबे धरायचे, तो फारसं बोलत नाही, सुई बघतो, नोंद करतो. कागद फाइलमध्ये, फाइल केस सुपरवायझरकडे. प्रिक्लिअरला एकदाही न भेटता पुढचं सेशन तोच ठरवतो.

फाइल वाढत जाते. लाज वाटण्याजोगी प्रत्येक गोष्ट तारीखवार तिच्यात असते. ऑडिटिंगच्या दुसऱ्या पायरीचे, ग्रेडचे, प्रश्नच 'काय केलंस? काय लपवलंस?' असे. मोकळं होण्यासाठी हे ठीक, पण 'सिक्युरिटी चेक' नावाच्या चौकशीतही यंत्र तेच, डबे तेच. ऑडिटिंगची सेवा साडेबारा तासांच्या गठ्ठ्यांनी, 'इंटेन्सिव्ह' म्हणून, ठरीव देणगीवर मिळते. पैसे दिले आणि सेवा घेतली, ही देवाणघेवाण झाली, दान नव्हे, म्हणून करवजावट नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये म्हटलं. १९९३मध्ये तिथल्या करखात्याने १ कोटी २५ लाख डॉलर घेऊन समझोता केला आणि सायंटॉलॉजीला करमुक्ती दिली. फ्रान्समध्ये २००९मध्ये तिला संघटित फसवणुकीची शिक्षा झाली, ती पुढे कायम राहिली. ब्रिटनमध्ये २०१३मध्ये लग्न लावण्यापुरती प्रार्थनास्थळाची मान्यता मिळाली. सायंटॉलॉजीचं इंग्लंडमधलं जुनं ठाणं, ईस्ट ग्रिन्स्टेडजवळचं सेंट हिल, हबर्डने १९५९मध्ये जयपूरच्या महाराजांकडून विकत घेतलं होतं. भारताशी धागा आहे तो असा, दिवाणखान्याच्या दारातून.

मिळालेली उन्नती टिकली नाही तर? 'पीटीएस', म्हणजे तुमच्या आयुष्यात कोणीतरी दडपणारा आहे. तो आई असेल, नवरा असेल, जुना मित्र असेल. आधी त्याला समजावा. जमलं नाही तर 'डिस्कनेक्ट'. आणि सगळं सोडून जावंसं वाटलं तर? ज्याने काही लपवलं आहे तोच पळतो, हे उत्तर. धोरणपत्राचं वर्तुळ इथे पुरं होतं. शब्द कळला नाही, झोप कमी पडली, आई आडवी आली, मनात पाप आहे. टेक सोडून सगळं काही.

क्लिअर झाल्यावर 'ऑपरेटिंग थेटन', ओटीच्या आठ पायऱ्या. तिसऱ्या पायरीचा मजकूर कुलूपबंद पेटीतून नेतात. १९८५मध्ये लॉस एंजेलिसच्या एका खटल्यात तो न्यायालयापुढे आला आणि गुपित फुटलं. साडेसात कोटी वर्षांपूर्वी झीनू नावाच्या अधिपतीने अब्जावधी जीव पृथ्वीवर आणून ज्वालामुखींभोवती मारले आणि त्यांचे थेटन आज आपल्या देहाला चिकटलेले आहेत. बाहेरचे लोक पहिल्याच दिवशी हे ऐकून हसतात. ज्याने इथवर यायला वर्षं आणि लाखो रुपये घातले, दर पायरीला सुई तरंगताना अनुभवली, त्याला हा मजकूर तसा दिसत नाही. आठवी पायरी फक्त फ्रीविंड्स या जहाजावर मिळते.

त्याआधीची सातवी वर्षानुवर्षं चालते, घरी, एकट्याने. ऑडिटरही आपण, प्रिक्लिअरही आपण. दोन्ही डबे एकाच हातात, मध्ये त्यांना वेगळं ठेवणारा प्लास्टिकचा तुकडा. दुसऱ्या हाताने टोन आर्म फिरवायचा आणि नोंदी लिहायच्या. रोज, दिवसातून अनेकदा. दर सहा महिन्यांनी फ्लोरिडात क्लिअरवॉटरला तपासणीसाठी जायचं. तिथे डबे पुन्हा दोन हातांत येतात, सुई पुन्हा टेबलाच्या पलीकडे जाते आणि समोरचा माणूस विचारतो, रात्री झोप पुरेशी झाली का.